घरचे टपालघर आणि बदलता पत्ता



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली. ई-मेलचे टपालघर आपल्या घरी चालवावे की नाही, आणि घरच्या इंटरनेटचा पत्ता वरचेवर बदलत असता ते चालवता येते की नाही, असा विषय आम्ही कळवला. त्यावर, विषय यंत्रांचा आहे आणि श्रोते सर्व वयांचे व सर्व व्यवसायांचे असतात, अशी शंका चालकांपैकी एकांनी सौजन्याने बोलून दाखवली. शंका रास्त होती. तथापि या विषयात यंत्राचा भाग लहान आणि नागरिकाचा भाग मोठा आहे, असे आमचे मत असल्यामुळे आम्ही आग्रह धरला. तो मान्य झाला याबद्दल प्रथम आभार मानतो.

आज या मंडपात बसलेल्यांपैकी बहुतेकांपाशी ई-मेलचा एक तरी पत्ता आहे. बँकेची पत्रे त्यावर येतात, विम्याच्या पावत्या येतात, परदेशी असलेल्या मुलामुलींची खुशाली येते. इतकेच नव्हे, तर कोणत्याही खात्याचा परवलीचा शब्द विसरला तर तो नव्याने मिळण्याची वाटही बहुधा त्याच पत्त्यावरून जाते. म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीवर टांगलेल्या आहेत, ती ही खुंटी होय. आता आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : ही खुंटी कोणाच्या भिंतीत ठोकलेली आहे? उत्तर असे की, दोनतीन परदेशी कंपन्यांच्या भिंतीत. त्या कंपन्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपली पत्रे सांभाळली, ती फुकट सांभाळली, आणि पुष्कळ सांभाळली. परंतु त्यांनी खाते बंद केले, तर दाद मागण्यासाठी आपण कोणत्या खिडकीपाशी उभे राहणार, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. वीस वर्षांचा पत्रव्यवहार ज्याच्या मर्जीवर आहे त्याला आपण कधी पाहिलेले नाही. म्हणून, दुसरी काही व्यवस्था शक्य आहे काय, हा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ई-मेल ही कोणा एका कंपनीची वस्तू नाही. अमेरिकेतील केंब्रिज या गावी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली अर्पानेट नावाच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पहिले पत्र धाडले. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये घालावयाचे 'ॲट' हे चिन्ह त्यानेच निवडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल याने पत्रे एका टपालघरातून दुसऱ्या टपालघरात कशी द्यावी याचे नियम लिहून काढले. त्यांना एसएमटीपी असे नाव आहे, आणि दुरुस्त होत होत तेच नियम आजही चालू आहेत. त्या नियमांत कंपनीचे टपालघर आणि घरचे टपालघर असा भेद कोठेच नाही. ज्याच्यापाशी जाळ्याला जोडलेले यंत्र आहे त्याने दार उघडावे, नियमाप्रमाणे बोलावे आणि पत्र द्यावे-घ्यावे, इतकेच त्यांत आहे. सर्व्हर हा शब्द ऐकून मोठे दालन आणि थंड हवेची यंत्रे डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. हाताच्या पंजाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक २०१२ पासून बाजारात आहे, आणि एका कुटुंबाचे टपाल सांभाळण्यास तेवढा पुरतो. पोस्टफिक्स हे टपालघर चालवणारे साधन वीत्से वेनेमा याने १९९८ साली लोकांपुढे ठेवले. ते फुकट मिळते आणि उत्तम चालते. मग अडचण कशात आहे? अडचण पत्त्यात आहे.

पत्ता म्हणजे काय, हे आपल्या टपालखात्याच्या उदाहरणाने लवकर उमगेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपालखात्याने पिनकोडची पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक टपाल कचेरी सांगतात. ४११ ने आरंभ होणारा अंक दिसला की पत्र पुण्याच्या थैलीत पडते. या योजनेचे बळ असे की अंक जागेला चिकटलेला आहे, आणि जागा हलत नाही.

इंटरनेटवरही प्रत्येक जोडणीला अंक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. परंतु हा अंक जागेला चिकटलेला नाही. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असून आपल्याला तो वापरावयास उसना मिळतो. वीज गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, किंवा उसनवारीची मुदत सरली, की कंपनी दुसरा अंक हाती ठेवते. जर्मनीत तर घरगुती जोडणी दर २४ तासांनी एकदा तोडून नवा अंक देण्याची वहिवाट पुष्कळ वर्षे होती. अशी कल्पना करा की, आपल्या घराचा क्रमांक दर आठवड्याला नगरपालिका बदलते आणि जुना क्रमांक शेजारच्या आळीत कोणाला तरी देऊन टाकते. घरचे टपालघर चालवणाऱ्याची स्थिती नेमकी अशी असते.

हे असे का व्हावे? कारण अंक अपुरे आहेत. सध्या मुख्यत्वे चालत असलेल्या जुन्या पद्धतीत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच अंक निघू शकतात, आणि जगाची लोकसंख्या २०२२ साली ८०० कोटींवर गेली. त्यातही पहिली वाटणी उदार हाताने झाली. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या एका शिक्षणसंस्थेच्या वाट्याला १ कोटी ६७ लाखांहून अधिक अंक आले होते. त्यांतील ८० लाखांपर्यंत अंक विकण्याचे संस्थेने २०१७ साली जाहीर केले. जे पंक्तीला आधी बसले त्यांच्या पानात पक्वान्न पडले, आणि आपल्यासारखे जे उशिरा आले त्यांच्यापर्यंत भांडे रिकामे होत आले. जगाच्या मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. आपल्या देशात लोकांसाठी इंटरनेटसेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि घरोघर ती पोचली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा अंकांचा तुटवडा आपल्याला अधिक जाचावा यात नवल नाही.

आता, अंक बदलत असताना पत्र कसे पोचावे? येथे नावाचा उपयोग होतो. पॉल मोकापेट्रिस याने १९८३ साली नावांची जी व्यवस्था उभारली, तिच्यामुळे अंकांऐवजी नावे वापरता येतात. आपण वार्षिक शुल्क भरून एक नाव नोंदवतो. त्याला डोमेन म्हणतात. त्या नावापुढे सध्याचा अंक कोणता, हे एका सार्वजनिक वहीत लिहिलेले असते. पत्र पाठवणारे यंत्र प्रथम वही पाहते, अंक काढते आणि मग त्या दारी जाते. या नावाचे टपाल कोणत्या यंत्राकडे द्यावे, हे सांगणारी वेगळी नोंदही जानेवारी १९८६ पासून ठरलेली आहे. घरातल्या यंत्रावर एक लहानसा कारकून बसवता येतो. त्याचे काम एवढेच की, अंक बदलला रे बदलला की त्याने वहीत नवा अंक लिहून घ्यावा. या पद्धतीला डायनॅमिक डीएनएस असे नाव आहे.

एक प्रसंग पाहू. रात्री दोन वाजता वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली. राउटरला नवा अंक मिळाला. कारकुनाने तो वहीत नोंदवला. वहीतील नोंद वाचणाऱ्यांनी किती वेळ जुनी समजू नये, हे आपणच ठरवून ठेवू शकतो. घरगुती टपालघरात ती मुदत पाच मिनिटांची ठेवतात. म्हणजे सव्वादोन-अडीचच्या सुमारास बहुतेक जगाला आपला नवा ठिकाणा समजला. मधल्या काळात कोणी पत्र धाडले असेल तर? पोस्टेलने घालून दिलेल्या आणि २००८ साली नव्याने लिहिल्या गेलेल्या नियमांची शहाणीव येथे दिसते. दार बंद आढळले तर पाठवणाऱ्याने पत्र फेकून द्यावयाचे नाही. ते आपल्यापाशी ठेवून निदान अर्ध्या तासाच्या अंतराने पुन्हा यावयाचे, आणि साधारण चारपाच दिवस तरी प्रयत्न सोडावयाचा नाही, असा दंडक आहे. तेव्हा एक रात्र वीज नव्हती म्हणून पत्र हरवले, असे ई-मेलच्या जगात सहसा घडत नाही. पत्रे घेण्यापुरते बोलावयाचे, तर बदलता पत्ता ही मोठी अडचण नव्हे.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. आपला जुना अंक आता दुसऱ्या कोणाच्या घरी गेलेला असतो. त्या पाच मिनिटांत कोणी जुन्या अंकावर आले आणि तेथे टपालघर नसले, तर काही बिघडत नाही. दार बंद आहे असे समजून तो परत येईल. परंतु तेथेही कोणाचे टपालघर असले तर? टपालघरे परस्परांशी अंकांच्या खुणांनी बोलतात. ४ ने आरंभ होणारी खूण म्हणजे 'सध्या जमत नाही, पुन्हा या'. ५ ने आरंभ होणारी म्हणजे 'हा मनुष्य येथे राहत नाही, पुन्हा येऊ नका'. नव्या बिऱ्हाडकरूने प्रामाणिकपणे दुसरी खूण केली, की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. आणि तो अप्रामाणिक असला, तर पत्र ठेवून घेतो. यावर उपाय असा की, समोरच्या यंत्राने आपल्या नावाचा दाखला दाखवल्याखेरीज पत्र हाती देऊ नये, अशी सूचना आपण जाहीर करून ठेवावी. ही रीत २०१८ साली ठरली. सर्वच टपालघरे ती पाळतात असे नाही, पण मोठ्यांपैकी काही पाळतात.

याहून वाईट स्थिती आणखी एक आहे, आणि आपल्या देशात ती सर्रास आढळते. अंक पुरत नाहीत म्हणून कंपनी पुष्कळ घरांना मिळून एकच बाहेरचा अंक देते, आणि आत खाजगी अंक वाटते. या कामासाठी ४१ लाख ९४ हजार ३०४ अंकांचा एक गठ्ठा एप्रिल २०१२ मध्ये जगभरासाठी राखून ठेवला गेला. मुंबईतील चाळीसारखी ही रचना समजा : बाहेरून चाळीचा एकच क्रमांक, आतल्या खोल्या फक्त भय्याला माहीत. आतून बाहेर पत्र टाकता येते, पण बाहेरून आलेल्याने कोणत्या खोलीत जावे हे त्याला सांगण्याची सोय नाही. अशा जोडणीवर वहीत अंक लिहून काहीच साधत नाही. आपल्या घरची जोडणी अशी आहे काय, हे प्रथम तपासावे. राउटरवर दिसणारा बाहेरचा अंक १०० ने आरंभ होत असून दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर ती बहुधा चाळीतली खोली समजावी.

येथवर आपण पत्रे घेण्याचा विचार केला. आता पाठवण्याकडे वळू. कारण खरा तंटा तेथे आहे.

३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या यंत्रांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. नको असलेल्या पत्रांचा तो आद्य नमुना मानतात. पुढे त्याचा महापूर झाला. तेव्हा १९९७ साली पॉल व्हिक्सी व त्याच्या सहकाऱ्याने ज्या अंकांवरून असला कचरा येतो त्यांची काळी यादी सुरू केली. त्यानंतर काही काळाने एक वेगळ्या जातीची यादी निघाली. तीत अपराध्यांचे अंक नव्हते. तीत घरगुती आणि बदलत्या अंकांचे सगळे गठ्ठेच्या गठ्ठे होते. घरच्या यंत्राने परस्पर दुसऱ्याच्या टपालघरात पत्र नेऊन देऊ नये, त्याने ते आपल्या सेवा कंपनीच्या टपालघरातून पाठवावे, असा तिचा हेतू. १९९८ साली निघालेली स्पॅमहाउस ही संस्था आज अशी यादी ठेवते. या यादीत अंक असणे म्हणजे दोषारोप नव्हे, असे ती संस्था स्वतःच सांगते. परंतु व्यवहारात परिणाम तोच होतो : यादीत अंक सापडला की पत्र दारातूनच परत.

यात दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. २००३ साली सोबिग नावाच्या किड्याने असंख्य घरगुती संगणक पछाडले आणि मालकाच्या नकळत त्यांतून कचऱ्याची पत्रे बाहेर पडू लागली. अशा प्रसंगी घरगुती यंत्रांचे बाहेर जाणारे दारच बंद करावे, हा उपाय कोणालाही सुचावा. टपालघरे ज्या दाराने एकमेकांकडे जातात त्याचा क्रमांक २५. पुष्कळ सेवा कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवर हे दार बंद केले. ग्राहकाने आपल्या टपालघरात स्वतःची ओळख पटवून पत्र टाकावे यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे दार १९९८ सालीच ठरले होते. ते उघडे राहिले.

यापुढची अडचण अधिक मार्मिक आहे. नावावरून अंक शोधण्याची वही जशी असते, तशी अंकावरून नाव शोधण्याचीही वही असते. पहिली वही नावाच्या धन्याच्या, म्हणजे आपल्या हातात. दुसरी वही अंकाच्या धन्याच्या, म्हणजे सेवा कंपनीच्या हातात. पत्र घेणारे मोठे टपालघर दोन्ही वह्या उघडून पाहते. आपल्या वहीत आपण कितीही व्यवस्थित लिहिले, तरी दुसऱ्या वहीत कंपनीने 'घरगुती ग्राहक, अमुक क्रमांक' असे काहीतरी लिहिलेले असते, किंवा काहीच लिहिलेले नसते. दोन्ही वह्या जुळल्या पाहिजेत, अशी अट गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून सर्वच पाठवणाऱ्यांना लेखी घातली. बदलता अंक असलेला घरगुती ग्राहक ती पुरी करू शकत नाही. ती पुरी करण्याचा अधिकारच त्याच्या हाती नाही.

याला कोणी म्हणेल की, पत्र खरे कोणाचे हे ओळखण्याची दुसरी साधने नाहीत काय? आहेत. अमुक नावाची पत्रे कोणत्या अंकांवरून निघतात हे जाहीर करण्याची एसपीएफ ही पद्धत २००६ साली लेखी झाली. पुढच्याच वर्षी डीकेआयएम ही पद्धत ठरली. तिच्यात पत्रावर नावाच्या धन्याची गुप्त मोहोर उठते, आणि ती खरी की खोटी हे कोणालाही पडताळून पाहता येते. ही मोहोर अंकावर मुळीच अवलंबून नाही. मोहोर केलेले पत्र पुण्यातून निघो वा पॅरिसमधून, घरातून निघो वा कचेरीतून, मोहोर खरी ती खरीच. म्हणजे पत्राची पारख वस्तीवरून न करता सहीवरून करण्याची सोय जगापाशी २००७ पासून आहे. असे असताही पहिला प्रश्न वस्तीचाच विचारला जातो, ही आमची तक्रार आहे. एखाद्या मोहल्ल्यात चोरी झाली म्हणून त्या मोहल्ल्याच्या प्रत्येक पत्रावर, सही न पाहता, नकार मारावा, हा न्याय नव्हे.

परंतु दुसरी बाजूही मांडणे आमचे कर्तव्य आहे. नाव स्वस्त असते. कचरा धाडणारा मनुष्य आज शंभर नावे विकत घेतो, प्रत्येकावर शुद्ध मोहोर उठवतो, आणि उद्या ती टाकून देतो. अंक तसे टाकता येत नाहीत, कारण ते मोजके आहेत; त्यांना किंमत पडते, आणि त्यांच्यामागे कोणीतरी जबाबदार उभा असतो. म्हणून अंकाची अब्रू पाहणे हे मोठ्या टपालघरांना सोयीचे जाते. जो सज्जन आपला अंक सतत बदलतो त्याला अब्रू कमावण्यास अवधीच मिळत नाही. ती कमावू लागेपर्यंत अंक दुसऱ्याकडे जातो, आणि दुसऱ्याने घालवलेली अब्रू त्याच्या पदरी पडते. तेव्हा सगळा दोष कोणा एकावर ढकलता येत नाही. मात्र एवढे निश्चित म्हणता येईल की, १९८२ च्या नियमांनी प्रत्येक यंत्राला जो समान हक्क दिला होता तो नियमांत आजही शाबूत आहे आणि व्यवहारात घरगुती माणसापुरता उरलेला नाही. तो कोणी कायदा करून काढून घेतला नाही. अंकांच्या टंचाईने आणि भामट्यांच्या भीतीने तो हळूहळू झिजला.

मग करावे काय? आमच्या मते मधला मार्ग आहे, आणि तो मानहानीचा नाही. टपालघराची तीन कामे असतात : नाव बाळगणे, पेटी सांभाळणे आणि बाहेर पत्रे नेऊन देणे. यांपैकी पहिली दोन आपल्या हाती ठेवावी आणि तिसरे भाड्याने करून घ्यावे. घरच्या यंत्राने बाहेर जाणारे पत्र ५८७ च्या दाराने, ओळख पटवून, स्थिर अंक असलेल्या एखाद्या व्यावसायिक टपालघराकडे द्यावे. ते त्याने पुढे न्यावे. अर्थात त्या मध्यस्थाला बाहेर जाणारी पत्रे वाचता येतील, हे पत्करावे लागते. ते नको असेल, किंवा घरची जोडणी चाळीतल्या खोलीसारखी असेल, तर दूरच्या केंद्रात एक लहानसे यंत्र स्थिर अंकासह भाड्याने घ्यावे, आणि तेथपासून घरापर्यंत एक गुप्त भुयार काढावे. वायरगार्ड हे त्याचे साधन मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेले आहे. भुयार घरातून बाहेर काढलेले असल्यामुळे घरचा अंक कितीदाही बदलला तरी ते पुन्हा जोडले जाते. जगाला दिसते ते दूरचे दार. पत्रे असतात ती घरच्या पेटीत. काही सेवा कंपन्या जादा शुल्क घेऊन घरीच स्थिर अंक देतात. ती सोय मिळत असेल तर दुसऱ्या वहीत आपले नाव लिहून देणार काय, आणि २५ क्रमांकाचे दार उघडे आहे काय, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावे. त्याचप्रमाणे, घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये असे कलम काही करारांत असते. तेही आधी वाचावे.

अंकांची नवी पद्धत आली की सारे आपोआप सुटेल, असे काहींचे म्हणणे असते. ही पद्धत, आयपीव्ही६, डिसेंबर १९९५ मध्ये प्रथम लेखी झाली, आणि तिच्या वापरात आपला देश जगातील आघाडीच्या देशांत आहे. तिच्यात अंकांची टंचाई नाही, हे खरे. परंतु पुष्कळ कंपन्या घराला दिलेला नवा गठ्ठाही बदलत ठेवतात, आणि दुसरी वही येथेही कंपनीच्याच हातात राहते. टंचाई संपली म्हणून सवय संपत नाही.

ज्यांना हे काम अंगावर घ्यावयाचे असेल त्यांनी त्याचा नित्यनेमही पत्करावा. यंत्राची साधने वेळच्या वेळी अद्ययावत करावी. आपल्या टपालघरातून तिऱ्हाइताने तिऱ्हाइताला पत्र धाडू नये, असा बंदोबस्त पहिल्या दिवशीच करावा. नाहीतर भामटे रातोरात त्याचा उकिरडा करतात. पेटीची एक प्रत रोज घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी जावी, कारण आग आणि पाणी डोमेन विचारून येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातल्या दुसऱ्या एका माणसाला या व्यवस्थेची माहिती असावी. नाव कोठे नोंदवले आहे, त्याचे शुल्क केव्हा भरावयाचे, किल्ल्या कोठे आहेत, हे एका कागदावर लिहून तो महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा. आपण आजारी पडलो आणि नावाचे शुल्क थकले, तर ते नाव उद्या दुसरा कोणी विकत घेईल आणि आपल्या बँकेची पत्रे त्याच्या पेटीत पडतील. नावाचा हक्क हा असा जागता ठेवावा लागतो.

हा सारा उपद्व्याप प्रत्येक कुटुंबाने करावा, असे आम्ही सुचवत नाही. प्रत्येकाने घरी चक्की बसवावी असे कोणी म्हणत नाही. पण दळण कोणाकडे टाकावयाचे हे ठरवण्याची मुखत्यारी आपली असावी. त्यासाठी पहिली पायरी सर्वांना परवडणारी आहे : स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, आणि पेटी वाटल्यास कंपनीकडेच ठेवावी. उद्या त्या कंपनीशी बिनसले, तर वहीतली एक नोंद बदलून नवी पत्रे दुसरीकडे वळवता येतात, आणि कोणालाही नवा पत्ता कळवावा लागत नाही. दुसरी पायरी म्हणजे कंपनीकडच्या पेटीची एक प्रत घरच्या यंत्रावर उतरवून ठेवणे. त्यालाही स्थिर अंक लागत नाही. तिसरी पायरी, म्हणजे घरचे टपालघर, ही ज्यांना हौस आणि वेळ आहे त्यांची.

तरीही ती तिसरी पायरी चढणारे थोडे लोक समाजात असावेत, असा आमचा आग्रह आहे. याचे कारण साधे आहे. नियम खुले राहतात ते कोणीतरी त्यांचा वापर करीत असतो म्हणून. पायवाटेवर कोणी चाललेच नाही, तर दोन पावसाळ्यांत तेथे रान माजते आणि मग ती वाट होती हे सांगूनही खरे वाटत नाही. आपल्या भाषेच्या दृष्टीनेही यात लाभ आहे. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' हे नावाचे टोक देवनागरीत मिळू लागले, आणि 'ॲट'च्या अलीकडचे व्यक्तीचे नावही देवनागरीत लिहिण्याचे नियम २०१२ सालीच ठरले आहेत. पोस्टफिक्सने २०१५ पासून त्यांची सोय केली. स्वतःचे टपालघर असलेला मनुष्य आपल्या आजीच्या नावाची पेटी आजीच्या लिपीत आजच उघडू शकतो. त्याला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांकडे नागरिकांनी एक माफक मागणी करावी, असे सुचवून आम्ही थांबतो. जो ग्राहक लेखी अर्ज करील आणि आपली ओळख देईल, त्याला वाजवी दरात स्थिर अंक मिळावा, आणि त्या अंकापुढे त्याचे नाव दुसऱ्या वहीत लिहून मिळावे. नव्या पद्धतीत अंकांचा तुटवडा नसल्याने, निदान तेथे तरी ही मागणी नाकारण्यास सबळ कारण उरत नाही. पत्र कोणी लिहिले, हे त्याच्या सहीवरून ओळखावे आणि सहीची जबाबदारी लिहिणाऱ्याने घ्यावी, हा टपालाचा जुना व्यवहार आहे. तो नव्या टपालातही चालावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.